बेथेस्डा की 'थाय': थायरॉईडच्या सुई-तपासणीचे दोन अहवाल

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या आत्याच्या थायरॉईडच्या गाठीतील पेशींचा अहवाल बेथेस्डा या मूळ अमेरिकी वर्गीकरण-पद्धतीने दिलेला होता; त्यातील 'वर्ग ५' वाचून लंडनचा आतेभाऊ हादरला. कारण ब्रिटिश पद्धतीत 'थाय ५' म्हणजे कर्करोग, तर बेथेस्डाच्या सहा वर्गांतील पाचवा म्हणजे दाट संशय, जो तिकडे 'थाय ४' ठरतो. अपुरा नमुना आणि निरुपद्रवी गाठ हे पहिले दोन वर्ग जुळतात. खरा गुंता मध्येच आहे: बेथेस्डाचे तिसरा व चौथा हे स्वतंत्र वर्ग ब्रिटनमध्ये 'थाय ३ए' आणि 'थाय ३एफ' असे एकाच आकड्याखाली येतात. मला बेथेस्डा उजवी वाटते, कारण तिच्या २०२३च्या आवृत्तीत प्रत्येक वर्गासोबत कर्करोगाची सरासरी शक्यता दिलेली आहे, उदाहरणार्थ तिसऱ्यासाठी २२ टक्के. मात्र अहवालावर पद्धतीचे नाव आणि वर्गाचे शब्दांतील वर्णन हवेच.