सर्व्हलसाठी कॅल्शियम पावडर: सहा महिन्यांचा अनुभव

आमची सर्व्हल (आफ्रिकेतलं लांब पायांचं रानमांजर) मादी आली तेव्हा ८ महिन्यांची होती, चालताना मागचे पाय लटपटायचे. आधीच्या घरी तिला नुसतं बिनहाडाचं मांस मिळायचं. अशा मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या १५ ते २० पट असतो; मग शरीर हाडांतूनच कॅल्शियम ओढून घेतं. पशुवैद्यांनी मात्रा ठरवून दिली आणि ही पावडर सुरू केली. वास नाही, मांसाला नीट चिकटते, वाटी चाटूनपुसून साफ होते. नव्या एक्सरेत हाडं भरलेली दिसली. परवा ती एका उडीत फ्रिजवर चढली, माझे डोळेच भरून आले.

टॉरिन हे पोषक अमिनो आम्ल मात्र या पावडरीत नाही. त्याच्या अभावी मांजरांचं हृदय आणि डोळे बिघडतात, ते वेगळं द्यावंच लागतं. डब्यावर हे ठळक छापायला हवं होतं. झाकणही ढिलं आहे, दमट हवेत गुठळ्या होतात.