निळे ड्रम, लटकता तराजू आणि आमची मेस: आठ महिन्यांचा अनुभव

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत माझी मेस आहे. पासष्ट जण जेवतात, त्यातली पन्नासेक कॉलेजची पोरं. त्यांच्यापैकीच चौघं मागच्या जूनमध्ये जेवण झाल्यावर रेंगाळली. मला वाटलं, महिन्याचे पैसे पुढच्या आठवड्यात देतो म्हणायला थांबलीत. पण ती मला गिऱ्हाईक करायला आली होती.

त्यांचा दहा-बारा जणांचा गट आहे. ओल्या कचऱ्याचं जागेवरच खत करून द्यायचं, हे त्यांचं काम. दोनशे लिटरचे दोन निळे ड्रम, बाजूने भोकं पाडलेले, तळाला जाळी, खाली पाणी जमायला घमेलं. ड्रमचे १८०० रुपये एकदाच, मग महिन्याला ३५०. त्यात लाकडाच्या भुशाचं एक पोतं, कल्चर (म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जंतूंचं विरजण) आणि दर पंधरा दिवसांनी एक भेट. महिन्यातल्या एका रविवारी नदीकाठची फेरी, ती फुकट.

मला गरज होती हे खरंच. घंटागाडी सकाळी येते तेव्हा माझ्या तव्यावर पोळी असते. बाईला पाठवावं तर गाडी गल्लीच्या टोकाला पोचलेली. मग रात्रीची बादली दुसऱ्या दिवसापर्यंत मागच्या दाराशी, आणि बादलीभोवती कुत्री. शेजारच्या वहिनींशी दोनदा वाजलंही होतं. जागेवरच खत करायचं कायद्याने माझ्यावर बंधन नव्हतं. २०१६ च्या घनकचरा नियमांत दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांना मोठे म्हणून धरलं होतं, माझा निघायचा दहा-अकरा किलो. पण नियमात बसत नाही म्हणून वास थोडाच थांबतो.

पहिल्या भेटीत त्यांनी मला वीस मिनिटं पृथ्वीचं तापमान समजावून सांगितलं. मी कणीक तिंबत होते. आलेख होते, रंगीत नकाशे होते, सगळं मोबाइलवर, आणि माझा चष्मा आत राहिलेला. शेवटी त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "काकू, शिळं वरण घट्ट झाकणाच्या डब्यात राहिलं की कसं आंबतं? डेपोत ढिगाच्या पोटात तसंच होतं. हवा पोचत नाही म्हणून मिथेन तयार होतो. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण अठ्ठावीस पट उष्णता धरतो." हे मला एका दमात कळलं. बाकीची एकोणीस मिनिटं त्यांनी वाचवली असती तरी चाललं असतं. पोरांनो, हे वाचत असाल तर भाषणातून वरणाचा डबा तेवढा ठेवा.

ड्रमचं तंत्र सोपं आहे. कांद्याची टरफलं, मेथीच्या काड्या, चहाचा चोथा, सालं असा थर टाकायचा, वर तेवढाच भुसा नाहीतर वाळका पाला. आठवड्यातून दोनदा काठीने खालीवर करायचं. सुरुवातीला आंबट ताक आणि गूळ कालवून शिंपडला होता. पहिल्या पंधरवड्यात हात घातला तर आत चांगलंच गरम लागलं. तेलकट रस्सा आणि हाडं मात्र टाकू देत नाहीत. माझी मेस शाकाहारी, त्यामुळे हाडांचा प्रश्न नाही, पण रश्शावरून आमची बरीच हुज्जत झाली. मिसळीचा दिवस असला की उरलेल्या कटाचं करायचं काय, याला त्यांच्याकडे अजून उत्तर नाही.

ऑगस्टमध्ये पहिला ड्रम वळवळायला लागला. अळ्या, मुठीमुठीने. मी रात्री दहाला मेसेज टाकला, त्यात काय लिहिलं ते इथे सांगत नाही. अर्ध्या तासात एक पोरगा रेनकोटमध्ये दारात. त्याने बाही वर केली आणि सरळ आत हात घातला. म्हणाला, "काकू, ही काळी सैनिक माशी. हिची अळी कचरा खाते. मोठी झालेली माशी अन्नावर बसत नाही, चावतही नाही. ओल जास्त झालीय एवढंच." दोन घमेली भुसा ओतला, भोकं बुजली होती ती खिळ्याने मोकळी केली, ड्रम पत्र्याखाली सरकवला. चार दिवसांत ताळ्यावर आलं. अळ्या उपयोगी असतील, मी मानते. पण जेवायला बसलेल्या माणसाला दारातून त्या दिसल्या तर मी त्याला माशीचं चरित्र सांगत बसू का? हे सगळं पावसाळ्याआधी सांगायला हवं होतं.

दुसरी तक्रार मोठी आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सेमिस्टरच्या परीक्षा लागल्या आणि तीन आठवडे कोणी फिरकलं नाही. भुसा संपला. वास यायला लागला. गंमत म्हणजे त्यातले तिघं रोज माझ्याकडेच जेवत होते, मान खाली घालून. मी मखमलाबाद रोडच्या एका सुताराकडून पोतंभर भुसा आणला, तोही फुकट. नंतर कळलं की प्लायवूडचा भुसा चालत नाही, त्यात गोंद आणि रसायनं असतात. सागाचा, बाभळीचा चालतो. माझ्या पोत्यात दोन्ही मिसळ होतं, ते सगळं काढून टाकावं लागलं. त्या महिन्याचे दीडशे रुपये मी कापले. त्यांनी कुरकुर न करता वहीत तसं लिहून घेतलं, हे कबूल करते.

त्या वहीबद्दल मला जास्त बोलायचंय. ड्रमसारखे ड्रम आता बाजारात मिळतात, ते काही विशेष नाही. या पोरांनी पहिल्या दिवसापासून हात धुवायच्या बेसिनशेजारी एक वेगळी बादली ठेवली, वर लटकता तराजू आणि दोरीला बांधलेली वही. ताटात टाकलेलं अन्न त्या बादलीत. दोन्ही वेळचं मिळून रोज वजन करायचं आणि फळ्यावर खडूने लिहायचं. पहिल्या आठवड्याची सरासरी निघाली ४ किलो ८०० ग्रॅम. मी हबकले. इतकी वर्षं टाकलेलं अन्न मी बादलीनेच मोजत आले, अर्धी की पाऊण.

मग वहीतून एकेक बाहेर पडायला लागलं. दुधीच्या दिवशी सात किलो. (दुधी मी चांगलाच करते. पण सात किलो म्हणजे सात किलो.) सोमवारी सगळ्यात कमी. भात कायम उरलेला, पोळी जवळजवळ नाहीच. कारण माझं मलाच सापडलं, भाताचा पहिला डाव मीच रेटून वाढते. आईची सवय, पाहुण्याच्या ताटाला शोभा हवी. आता भाताचं पातेलं टेबलावर ठेवते, ज्याने त्याने घ्यावा. दुधी पंधरा दिवसांतून एकदा, तोही चणाडाळ घालून. कोणी भांडलं नाही, कोणाला दंड नाही, फळ्यावर कोणाचं नाव नाही. तरी पोरं वाढून घेताना एकदा फळ्याकडे बघतात.

जानेवारीची सरासरी १ किलो ९०० ग्रॅम. महिन्याला तांदळाचा पंचवीस किलोचा एक कट्टा कमी लागतो. माझ्या दुकानदाराच्या भावाने ते बाराशे रुपये झाले. ३५० जाऊन किती उरले ते तुम्हीच काढा. खताचा फायदा मी यात धरलेलाच नाही. आतापर्यंत तीन वेळा चाळून निघालं, काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसात अंगणाला येतो तसा वास. अर्धं माझ्या कढीपत्त्याला आणि गवती चहाला. अर्धं त्याच वहिनी घेऊन जातात, ज्यांच्याशी वाजलं होतं.

रविवारच्या फेरीला मी एकदाच गेले, जानेवारीत. सकाळी साडेसहाला रामकुंडावरून निघून तपोवनापर्यंत, जिथे कपिला गोदावरीला मिळते. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी थांबलो. पुराचं पाणी मोजायचं नाशिककरांचं हेच तर माप, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. २००८, २०१६, २०१९ हे पूर मी पाहिलेत, त्यामुळे तिथे पोरांपेक्षा मीच जास्त बोलले. एका मुलीने ते सगळं लिहून घेतलं, मला बरं वाटलं. तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, झाडं तोडण्यावरून जो वाद पेटला, त्यात ही पोरंही रोज जाऊन उभी राहायची, ते त्यांनी झाडाखाली उभं राहून सांगितलं. तिथे भाषण लांबलं तरी मला जड गेलं नाही.

फेरीत खटकलं ते हे. कचरा वेचायला अर्धा तास, फोटोला पाऊण तास. आणि प्रत्येक कार्यक्रमाला नवा टीशर्ट. मी विचारलं, "अरे, मागच्या वेळचे फाटले का?" सगळे हसले. मग जरा वेळ कोणी बोललं नाही.

घ्यावी का ही सेवा? दोन माणसांच्या घराला दोन ड्रम नकोत, त्यांच्याकडे छोटी टोपलीही आहे म्हणे, ती मी वापरलेली नाही. दिवसभर कुलूप असलेल्या फ्लॅटला मी सुचवणार नाही, कारण खालीवर करणारा हात घरात हवा. पण मेस, वसतिगृह, छोटं पोळीभाजी केंद्र चालवत असाल तर जरूर घ्या, आणि ड्रमच्या आधी तराजू मागा. पाचातले चार गुण. एक परीक्षेने खाल्ला.

मार्च-एप्रिलमध्ये परत पेपर आहेत. या वेळी वेळापत्रक त्यांच्याकडून आधीच मागून घेतलंय, ते फळ्याशेजारी चिकटवलंय, आणि सागाच्या भुशाची दोन पोती जिन्याखाली ठेवलीत.