बुधवारचा बाजार आणि सात दिवसांचा बेत: गंगाघाटावरच्या भाजीखरेदीची पारख

गोदावरीकाठच्या गंगाघाटावर दर बुधवारी भरणाऱ्या आठवडे बाजारात भाजी स्वस्त असते, हे नाशिककरांना सांगायला नको. ती स्वस्ताई स्वयंपाकघरापर्यंत पोचते का, हे मात्र तपासावे लागते. बऱ्याच घरांत पोचत नाही. दोन पिशव्या भरून येतात, शनिवारपर्यंत पालक काळा पडतो, सोमवारी अर्धी कोथिंबीर टाकून द्यावी लागते आणि मंगळवारी डब्यासाठी कोपऱ्यावरच्या गाडीवरून चढ्या भावाने पावशेर भेंडी येते. वाचलेले पैसे तिथेच जातात. बाजार उत्तम आहे. त्याला बुधवारी सुरू होऊन मंगळवारी संपणाऱ्या बेताची जोड लागते. म्हणून इथे बाजाराबरोबर बेतही तपासला आहे.

आधी माल. इथे दोन प्रकारचे विक्रेते बसतात. शेतकऱ्याच्या पुढ्यात एखाद-दोनच जिनसा असतात, आकाराने लहानमोठ्या, बहुधा त्याच पहाटे काढलेल्या. व्यापाऱ्याकडे दहा-पंधरा भाज्या निवडून, रचून ठेवलेल्या असतात. मेथी, शेपू, पालक, कोथिंबीर, कांदापात, गिलकी, दोडकी, वांगी हे सगळे शेतकऱ्याकडून घ्यावे. इथला खरा फायदा याच मालात आहे. बटाटा, लसूण आणि आले बहुतांशी बाहेरून येतात. त्यांचा भाव इथे आणि घराजवळ फारसा वेगळा नसतो, तेव्हा ते ओझे घाटावरून वाहून आणण्यात अर्थ नाही.

भाव ऐकताना कान उघडे ठेवावे लागतात. ‘वीस रुपये’ म्हणजे बहुतेकदा पावकिलोचा भाव, म्हणजे किलो ८० रुपये. शेजारचा ‘तीस’ म्हणतो तो अर्ध्या किलोचा असेल, तर किलो ६०. म्हणून पहिला प्रश्न एकच: ‘किलो काय भाव?’ वाट्याने विकली जाणारी भाजी दिसायला भरघोस असते, पण वजन माहीत नसेल तर तिची तुलना करता येत नाही. हातात धरायचा छोटा डिजिटल हुकचा काटा जवळ ठेवावा आणि दोन-तीन आठवडे वाटे तोलून पाहावेत. मग नजर तयार होते. विक्रेत्याच्या काट्यावर भाजी ठेवण्याआधी आकडा शून्यावर आहे का, हे पाहणे हा आपला हक्क आहे. वजनात फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

वेळेचेही गणित आहे. बाजार आवरायच्या सुमारास भाव उतरतात, पण पालेभाजी तोवर दिवसभर उन्हात सुकलेली आणि शंभर हातांनी चाळलेली असते. पालेभाजी आणि भेंडी लवकर घ्यावी. कोबी, दुधी, लाल भोपळा आणि वांगी उशिरा घेतली तरी चालतात. दोनदा जाणे शक्य नसेल, तर पालेभाजीच्या वेळेला जावे. कोबीवर दहा रुपये वाचवून मेथीवर तीस घालवण्यात काही हशील नाही.

आता बेत. बहुतेक घरांत बेत फसतो तो भाजीचे नाव आधी लिहिल्यामुळे. कागदावर ‘गुरुवार: पालक’ असे असते, बाजारात पालक महाग निघतो, तरी लिहिले आहे म्हणून घेतला जातो. किंवा पालक सोडून दुसरेच काहीतरी येते आणि पुढचे सगळे दिवस विस्कटतात. त्यापेक्षा कागदावर भाजीची जात लिहावी: पालेभाजी, शेंगभाजी, वेलभाजी, कडधान्य, पीठ किंवा डाळ. नाव बाजारात ठरते. नाशिकसारख्या ठिकाणी तर हे फारच गरजेचे. कोथिंबीर आणि मेथीचा भाव इथे दोन दिवसांच्या पावसाने दुप्पट-तिप्पट होतो आणि आवक वाढली की तितक्याच झपाट्याने कोसळतो.

जातींचा क्रम टिकण्यावरून लावायचा. बुधवारी आणि गुरुवारी पालेभाज्या. शुक्रवारी-शनिवारी भेंडी, गवार, गिलकी, दोडकी, फ्लॉवर. रविवारी-सोमवारी कोबी, दुधी, भोपळा, सुरण. मंगळवारी मात्र भाजीच नाही: मटकीची उसळ, पिठले, कढी-खिचडी किंवा चवळी. हा मंगळवार सगळ्यांत महत्त्वाचा. आठवड्यात एखादी भाजी उरली किंवा कुणी पाहुणे आले, तर सगळे पुढे ढकलायला जागा तिथे मिळते. काही उरले नाही, तरी फ्रिज रिकामा असताना बाहेर पळावे लागत नाही.

मंगळवारी रात्री फ्रिज आणि डबे उघडून काय संपवायचे आहे ते आधी लिहावे आणि त्यानंतरच काय आणायचे ते. याला दहा मिनिटे पुरतात. अर्धा दुधी पडलेला असताना दुसरा येतो तो हे न केल्यामुळे.

चार माणसांच्या घराला, सकाळी डब्याची भाजी आणि संध्याकाळी वरण किंवा आमटी धरून, आठवड्याला साधारण इतके पुरते: फळभाज्या अडीच ते तीन किलो, पालेभाजीच्या तीन जुड्या, टोमॅटो एक किलो, कांदे दीड ते दोन किलो, बटाटे एक किलो, मिरची आणि आले प्रत्येकी १०० ग्रॅम, कोथिंबिरीची एक जुडी, पाच-सहा लिंबे. एका वेळच्या सुक्या भाजीला ४०० ते ५०० ग्रॅम लागतात. उसळीला २०० ग्रॅम कोरडी मटकी भरपूर होते. मोड आल्यावर ती दुप्पट-अडीचपट होते. वरणाला १५० ग्रॅम तूरडाळ. एक किलो कणकेच्या ३५ ते ४० पोळ्या होतात, त्यावरून महिन्याचा गहू ज्याचा त्याने काढावा. ज्या घरात रोज बाजरीची किंवा नागलीची (नाचणीची) भाकरी होते, तिथे तो बराच कमी लागेल.

भावाची तुलना निवडून झालेल्या भाजीवर करावी. मटाराच्या शेंगा सोलल्या की वजन जवळपास निम्मे उरते. ६० रुपये किलोच्या शेंगा म्हणजे दाणे किमान १२० रुपये किलोने पडले. मेथीची देठे आणि फ्लॉवरचा दांडा-पाला यांचाही असाच हिशोब होतो. दुधी, भोपळा आणि कोबीत फारच थोडे वाया जाते. फ्लॉवरच्या जवळपास भाव असतानाही कोबी स्वस्त पडतो, तो यामुळे.

कांद्याबद्दल थोडे सविस्तर, कारण कांद्याच्या जिल्ह्यात राहूनही त्यावर पैसे वाया जातात. हिवाळ्यात येणारा लाल कांदा टिकत नाही. तो आठवड्यापुरताच घ्यावा. मार्च ते मे दरम्यान निघणारा उन्हाळ कांदा साठवणुकीचा. पण वर्षाचा कांदा एकदम भरणे घरगुती जागेत परवडत नाही. शेतकऱ्याच्या हवेशीर कांदाचाळीतसुद्धा तो वाळतो, सडतो, कोंब धरतो. मग फ्लॅटच्या बाल्कनीत काय होणार? दोन-तीन महिन्यांपुरता घ्यावा, मान बारीक आणि वरची पापुद्री कोरडी असलेला. तो जाळीच्या टोपलीत किंवा जमिनीवर एक-दोन थरांत पसरून ठेवावा आणि आठवड्यातून एकदा नासके काढून टाकावेत. बटाट्याशेजारी ठेवू नये. दोन्ही लवकर खराब होतात.

घरी आल्यावरची अर्ध्या तासाची निगा ही या बेताची दुसरी बाजू. कोथिंबीर धुवायची नाही. मुळे कापून, पिवळी पाने काढून, कागदात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवली तर आठवडा सहज निघतो. मिरचीची देठे काढून कोरड्या कागदावर ठेवावी. मेथी त्याच रात्री निवडून कापडी पिशवीत ठेवली तर गुरुवारपर्यंत ताजी राहते. जुडी बांधलेलीच ठेवली तर आतून तापते आणि सडते. कच्चट टोमॅटो फ्रिजबाहेर. पिकलेली केळी भाज्यांपासून लांब, नाहीतर पालेभाजी लवकर पिवळी पडते. अख्खा लाल भोपळा फ्रिजबाहेर कित्येक आठवडे राहतो, आणि पावसाळ्यात त्याचा मोठाच आधार होतो.

पैशांचे एक गणित जवळजवळ सगळ्यांचे चुकते. भाजी-फळांसाठी महिन्याला ४,५०० रुपये ठरवले की लोक ४ ने भागून आठवड्याला १,१२५ काढतात. पण वर्षात ५२ बुधवार असतात आणि वर्षातल्या चार महिन्यांत ते पाच-पाच येतात. त्या पाचव्या बुधवारी पैसे संपलेले असतात आणि मग किराण्याच्या पैशांतून भाजी येते. वर्षाचे ५४,००० रुपये ५२ ने भागावे. आठवड्याला सुमारे १,०४० येतात. ते रोख वेगळ्या पाकिटात घालून न्यावेत. क्यूआर कोड आता जवळपास प्रत्येक विक्रेत्याकडे आहे, पण स्कॅन करत गेले की एकूण किती झाले ते घरी आल्यावर कळते.

हा बाजार सगळ्यांना परवडेलच असे नाही. समजा घराजवळच्या भाजीपेक्षा इथे किलोमागे १५ रुपये वाचतात. सहा किलोचे ९० आणि जुड्यांवरचे ३० धरून १२० रुपये झाले. पंचवटी, जुने नाशिक किंवा रविवार कारंज्याच्या आसपास राहणाऱ्याला ते सगळे मिळाले. पाथर्डी फाट्याकडून दुचाकीने येणाऱ्याचे जाऊन-येऊन सोळा-एक किलोमीटर होतात, तेव्हा पेट्रोल आणि पार्किंग वजा जाता हातात सत्तरच्या आसपास राहतात. रिक्षाने आला तर तोटाच. सिडकोतल्या माणसाने पवननगरच्या बाजारात जावे. बेत तोच ठेवावा, फक्त आठवड्याचा पहिला दिवस आपल्या सोयीचा धरावा. लांबच्या सोसायटीतल्या तीन-चार घरांनी मिळून आळीपाळीने एकाला पाठवले, तर गंगाघाटही परवडतो. टोमॅटोच्या हंगामात अशा घरांनी २० किलोची जाळी, म्हणजे क्रेट, घेऊन वाटून घ्यावी. मात्र खालचा थर उघडून दाखवायला सांगावे. वरचे टोमॅटो नेहमीच देखणे असतात.

गैरसोयीही आहेत. गर्दी असते, पावसात चिखल होतो, माल परत करता येत नाही. वयस्कर माणसांना दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घाटावरून फिरणे जड जाते. चाकांची पिशवी घेतली तरी खडबडीत फरसबंदीवर ती अडते.

किराणा घाटावर शोधू नये, आणि भाजी सुपरमार्केटात. तेल, साखर, चहा, रवा, पोहे, साबण यांसाठी मोठी दुकाने ठीक आहेत, पण पाकिटावरचा प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर वाचूनच. एमआरपीशेजारी तो छापलेला असतो आणि मोठे पाकीट स्वस्त हा समज पुष्कळदा तिथेच मोडतो. तेलात तर हमखास फसगत होते. एक लिटर खाद्यतेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा यांत जवळपास १,३५० ग्रॅमचा फरक आहे. पाउचवर ‘लिटर’ की ‘ग्रॅम’ हे पाहिल्याशिवाय दोन ब्रँडची तुलना करू नये.

गहू, तांदूळ आणि डाळी सुट्या घेण्यात फायदा आहे. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या धान्यावर ५ टक्के जीएसटी लागू झाला. सुट्या धान्यावर तो नाही. घोटी-इगतपुरीचा तांदूळ आणि पेठ-सुरगाण्याकडची नागली ओळखीच्या दुकानात सुटी मिळते, आधी पाव किलो नेऊन शिजवून पाहता येते. गल्लीतल्या दुकानदाराची हीच मोठी सोय आहे, शिवाय डाळीत किडे निघाले तर तो बदलूनही देतो. मात्र खात्यावर माल घेत असाल तर दर जिन्नसवार लिहून घ्या. महिन्याच्या एकरकमी आकड्यात भाववाढ दिसत नाही. साठवणीच्या डाळीला किलोमागे सुमारे ५ मिली एरंडेल चोळून ठेवले की कीड लागत नाही.

काही मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवर भाजीचा भाव बहुधा २५० किंवा ५०० ग्रॅमचा असतो आणि त्यावर डिलिव्हरी व हाताळणीचे शुल्क पडते. अडीनडीला ते कामाचे, पण आठवड्यातून दोनदा अडीनडी येत असेल तर बेतात भोक आहे असे समजावे. ते भोक बहुतेकदा उपवासाचे असते. एकादशी, चतुर्थी आणि श्रावणी सोमवार कॅलेंडरवर आधीच छापलेले असतात, तरी साबुदाणा आणि भगर आयत्या वेळी छोट्या पाकिटांत येते. चार माणसांच्या खिचडीला २५० ते ३०० ग्रॅम साबुदाणा लागतो. महिन्याची यादी करताना उपवास मोजून तो आणि दाणे लिहावेत.

पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर बेत बदलावा लागतो. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला आणि पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला लागले की घाटावर बाजार बसू शकत नाही. त्या महिन्यांत पालेभाजीचे दोन दिवस एकावर आणावेत आणि कडधान्याचा एक दिवस वाढवावा. मटकी, चवळी, हरभरा, मसूर मिळून दीड-दोन किलो, एक अख्खा भोपळा, दोन किलो कांदे आणि बेसन घरात कायम असू द्यावे. मंगळवारी रात्री यादी करतानाच विसर्गाची बातमी पाहावी आणि पाणी वाढणार असेल, तर बुधवारसाठी मटकी त्याच रात्री भिजत घालावी.