क्रुमलोव की क्रोम्येर्झीश?

प्राग पाहून झालं, हाताशी एकच दिवस उरला आणि बरोक काळातलं (सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपच्या भरजरी शैलीतलं) काही पाहायचं आहे म्हटलं, की बहुतेक जण चेस्की क्रुमलोवचंच नाव घेतात. प्रागहून बसने साधारण तीन तास, व्हल्टावा नदीच्या वळणात वसलेलं गाव, खंदकात पाळलेली अस्वलं. गाव देखणं आहेच. पण तिथला किल्ला मुळात मध्ययुगीन गॉथिक शैलीतला, त्यावर पुढच्या रेनेसान्स काळाचा साज. बरोक आलं ते त्यानंतर. ते खऱ्या अर्थाने जिवंत भेटतं एकाच ठिकाणी, १७६६ च्या सुमारास नव्याने सजवलेल्या नाट्यगृहात.

संगीत नाटकांचे रंगवलेले पडदे ज्यांच्या डोळ्यांसमोर आहेत, त्यांचा इथून पाय निघणार नाही. रंगमंचाखाली लाकडी रहाट आणि दोरखंडांचं जाळं आहे. रहाट फिरला की दोन्ही बाजूंच्या विंगा एकदम सरकतात आणि बघता बघता राजवाड्याच्या जागी जंगल उभं राहतं! मात्र त्याचं तिकीट वेगळं, आत सोडतात ते गाईडबरोबर मोजक्याच लोकांना, आणि हिवाळ्यात ते बंद असतं. नाट्यगृहाचं तिकीट मिळत नसेल, तर बरोकसाठी क्रुमलोवला जाऊ नका.

मग मोरावियातलं, म्हणजे चेक देशाच्या पूर्व भागातलं, क्रोम्येर्झीश गाठा. प्रागहून रेल्वेने हुलीनला उतरायचं आणि तिथे गाडी बदलायची. मोरावियातल्याच ब्रनो शहराहून तर हे आणखी जवळ. १६४३ मध्ये स्वीडिश फौजांनी उद्ध्वस्त केलेलं हे गाव बिशप कार्ल लिखटेनश्टाइन यांनी पुन्हा उभं केलं. त्यामुळे इथे महाल आणि फुलबाग एकाच माणसाच्या मनातून उतरल्यासारखी वाटतात. १६६५ ते १६७५ या काळात केलेल्या त्या बागेत २४४ मीटर लांब कमानींची ओवरी आहे, पुतळ्यांची रांगच्या रांग. महालाच्या चित्रदालनात इटालियन चित्रकार टिशियनचं उतारवयातलं ‘मार्सियास’ आहे. ग्रीक पुराणकथेतल्या, जिवंतपणी सोलून काढल्या जाणाऱ्या मार्सियासचं ते उलटं टांगलेलं अंग पाहवत नाही आणि नजरही हटत नाही. माझ्या मते त्या एका चित्रासाठी एवढा प्रवास करावा.

दोन्ही ठिकाणं युनेस्कोच्या यादीत आहेत, क्रुमलोव १९९२ पासून आणि क्रोम्येर्झीश १९९८ पासून, तेव्हा त्यावरून निवड करण्यात अर्थ नाही. गुडघे दुखणारे आई-बाबा बरोबर असतील, तर क्रुमलोवचा दगडी चढ त्यांना जड जाईल. क्रोम्येर्झीश सपाटीवर आहे. महालापासून फुलबागेपर्यंत गावातून रमतगमत चालत जाता येतं.