तीस अँपिअरचा फ्यूज साठ अँपिअरलाही उडाला नाही

रोबोकॉनची, म्हणजे कॉलेजांच्या रोबोट स्पर्धेची, तयारी करणाऱ्या मुलांनो, फ्यूज घेण्याआधी हे वाचा.

आमच्या रोबोटचं वायरिंग माझ्याकडे होतं. मोटारीगणिक ३० अँपिअरचा ब्लेड फ्यूज, बॅटरीजवळ ८० अँपिअरचा ब्रेकर. हिशेब बरोबरच होता, आजही तेच निवडेन. अधिकृत विक्रेता फ्यूजचे ४५ रुपये सांगत होता. बाजारात एकाने १८ रुपयांत "कंपनीचाच माल" दिला. ६० फ्यूजचे १,०८० आणि ६५० प्रमाणे दोन ब्रेकर, एकूण २,३८० रुपये रोख. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल हवं असेल तर अठरा टक्के वेगळे पडतील, दादा."

तिथेच उठायला हवं होतं. त्याच्यासमोर फ्यूज हातात घेतला, तर त्यावरचा '३०' अंगठ्याने पुसला गेला. मी पाहिलं, आणि तरी पैसे दिले. वर्गणीतून जमवलेला पैसा होता, वाचवायचा होता. यात माझं काय चुकलं?

सरावात पुढची दोन्ही चाकं फळीत अडकली. मोटारी जाम, धूर. फ्यूजचं प्लास्टिक वितळून होल्डरला चिकटलं, आतली पट्टी मात्र शाबूत! मोटारींना करंट पुरवणारी सर्किटं, म्हणजे ड्रायव्हर, शॉर्ट झाले तरी ब्रेकर पडला नाही. शेवटी बॅटरीचा कनेक्टर ओढून काढला. दोन ड्रायव्हर १३,६००, फुगलेली बॅटरी ७,४००. मालासकट २३,३८० रुपये गेले.

नंतर उरलेल्यांतला एक फ्यूज टेबलावर ६० अँपिअरला लावला. दुप्पट करंटला खरा ब्लेड फ्यूज ५ सेकंदांच्या आत उडतो. हा चार मिनिटं तसाच. तुम्ही ही चाचणी आधी करा, प्रत्येक खोक्यातला एक फ्यूज जाळून बघा. मात्र ४० अँपिअरला लगेच उडाला नाही म्हणून खऱ्याला खोटा ठरवू नका, तिथे त्याला दहा मिनिटांपर्यंत मुभा असते.

दुकानदार म्हणाला, "तुमचंच वायरिंग चुकलं असेल." चौकीत गेलो तर, "अडीच हजारांसाठी काय तक्रार? ग्राहक मंचात जा." अहो, आग लागली असती! मंचात पहिला प्रश्न, "बिल कुठाय?" कॉलेजच्या खरेदी विभागाने वर ऐकवलं, "नोंदणीकृत विक्रेत्याकडून का नाही घेतलं?" त्यांच्या मंजुरीला दीड महिना लागतो, स्पर्धा थांबते का? तीन ठिकाणी अर्ज दिले, पोच एकाचीही नाही. जळका फ्यूज हातात घेऊन उभा होतो, तो बघायलाही कुणी तयार नव्हतं.

बिलाशिवाय फ्यूज घेऊ नका. आणि फ्यूज उडत नाही म्हणून खूश होऊ नका, तो वायर वाचवायला असतो.

त्या दुकानात तीच खोकी अजून मांडलेली आहेत. काल पाहून आलो.