‘काका, फक्त येस म्हणा’ : वीज-गॅसच्या स्वस्त करारात माझे 970 डॉलर गेले

मागच्या आठवड्यात आमच्या कॉम्प्लेक्समध्ये नव्याने राहायला आलेल्या एका मराठी जोडप्याच्या दारात गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब्लेट घेतलेला, वीज-गॅसचे करार विकणारा मुलगा उभा दिसला आणि माझं डोकं सणकलं. बारा वर्षं मी हे कुठे लिहिलं नाही, कारण लाज वाटत होती. सगळी नोकरी दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली आणि घरच्या बिलात फसलो, हे चारचौघांत कोणत्या तोंडाने सांगायचं? पण आता सांगतो.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. 1999 च्या कायद्यापासून इथे वीज आणि गॅस कोणाकडून घ्यायचा ते ग्राहक ठरवतो. खांब, तारा, पाइप, मीटर हे सगळं स्थानिक कंपनीचंच राहतं. बिलावर पोचवण्याचे पैसे वेगळे आणि पुरवठ्याचे वेगळे असतात. पुरवठादार बदलला तरी घरात येणारी वीज तीच असते, फक्त पुरवठ्याचा दर बदलतो. एवढं मला तेव्हाही माहीत होतं. म्हणूनच जास्त जळतं.

सप्टेंबर 2013. गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेजवळ एक टेबल मांडलं होतं, तिथे एका वीज-गॅस पुरवठादाराचा विक्रेता भेटला. तिशीच्या आतला, स्वच्छ मराठी बोलणारा. मी साताऱ्याचा म्हटल्यावर लगेच “माझं आजोळ वाईचं” म्हणाला. पुढच्या शनिवारी घरी आला. “काका, एक जुनं बिल दाखवता?” म्हणाला आणि मी कपाटातून काढून दिलं. बिलावरचा खाते क्रमांक म्हणजे घराची किल्ली आहे. तो हातात आला की पुरवठादार बदलायला फार काही लागत नाही. बिल कोणालाही दाखवू नका. आपला माणूस असेल तर मुळीच नको.

स्थानिक कंपनीचा पुरवठ्याचा दर तेव्हा मला युनिटला 11.6 सेंट पडत होता, हा 9.9 देत होता. गॅस थर्मला (इथे गॅस मोजण्याचं एकक) 55 सेंटांऐवजी 49. वर 25 डॉलरचं गिफ्ट कार्ड, जे आजतागायत आलेलं नाही.

मग त्याने फोन लावून माझ्या हातात दिला. खात्री करून घेणारा कॉल, पलीकडे दुसऱ्याच कंपनीची बाई, सगळं रेकॉर्ड होत होतं. “काका, प्रत्येक प्रश्नाला फक्त येस म्हणा. मध्ये काही विचारलंत तर कॉल पहिल्यापासून करावा लागतो.” बाई भराभर वाचत होती. नाव, पत्ता, बिल तुमच्या नावावर आहे का. येस, येस, येस. आणि मग तिने विचारलं की तीन महिन्यांनंतर दर बदलता असेल, दर महिन्याला वर-खाली होऊ शकेल, हे तुम्हाला समजलं आहे का?

मी थांबलो. मला अजून आठवतं, मी फोन कानापासून थोडा दूर धरून त्याच्याकडे बघितलं. तो हसून मान हलवत होता, हाताने “पुढे, पुढे” करत होता. स्वयंपाकघरातून बायको विचारत होती, “साखर किती घालू त्यांना?” त्या दोन सेकंदांत मला एवढंच विचारायचं होतं, की बदलता म्हणजे किती, वरची मर्यादा काय? ऑफिसात असा कागद पुढे आला असता तर मी तो तिथल्या तिथे परत केला असता. पण घरी आलेला मुलगा, आजोळ वाईचं, चहा गॅसवर. मी “येस” म्हणालो.

आठवड्याभरात स्थानिक कंपनीचं पत्र आलं. तुमचा पुरवठादार बदलतो आहे, नको असेल तर सात दिवसांत कळवा. मी ते वाचलं आणि बाकीच्या टपालावर ठेवून दिलं. माझ्या घरात मी वाचलेलं एवढं महाग पत्र दुसरं नाही.

ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत मिळून 55 डॉलर वाचले. मी दोन मित्रांना त्याचा नंबरसुद्धा दिला, याचं सगळ्यात वाईट वाटतं. त्यातल्या एकाने नंतर कधी विषय काढला नाही आणि मलाही काढवला नाही.

7 जानेवारी 2014 ची थंडी ज्यांनी इथे काढली त्यांना वेगळं सांगायला नको. आमची वीज पीजेएम या अनेक राज्यांच्या सामाईक ग्रिडवर येते, त्यातली सुमारे 22 टक्के निर्मितीक्षमता त्या दिवशी बंद पडली होती. गॅसची मागणी घरं गरम करणाऱ्या भट्ट्यांनाही आणि वीजकेंद्रांनाही एकदमच, त्यामुळे दोन्हींचे घाऊक दर उसळले. जानेवारीत मला वीज युनिटला 29.8 सेंटांनी लागली आणि गॅस थर्मला 1.29 डॉलरने. फेब्रुवारीत 33.4 सेंट आणि 1.34 डॉलर.

शेजारच्या घरी मात्र तोच जुना दर. कारण स्थानिक कंपनी सगळ्यांसाठी लागणारी वीज दर फेब्रुवारीच्या लिलावात घेते. करार तीन वर्षांचे, दर वर्षी गरजेच्या फक्त एकतृतीयांशाचा लिलाव, आणि ठरलेला दर 1 जूनपासून लागू. एका थंडीने तो हलत नाही. माझ्या पुरवठादाराने आधी काही घेऊन ठेवलं होतं की रोजच्या बाजारातूनच उचलत होता, देव जाणे. पहिले तीन महिने कमी दर लावून नंतर तो काय आकारेल यावर करारात कसलाच लगाम नव्हता. “बाजारस्थितीनुसार” हा एक शब्द होता. तो शब्द दिसला की पुढचं वाचायचीही गरज नाही, कागद परत करा.

जानेवारीचं बिल हातात पडल्याच्या दिवशीच मी रद्द करायला फोन केला. तरी बदल पुढच्या मीटर वाचनानंतरच होणार, म्हणजे मार्चही त्यांच्याच दराने. तीन महिन्यांत स्थानिक दरापेक्षा 825.53 डॉलर जास्त गेले. वर मुदतीआधी सोडल्याचा दंड, विजेचा 100 आणि गॅसचा 100. आधी वाचलेले 55 वजा करून 970.53 डॉलर. दर तीन महिन्यांचा, पण करार बारा महिन्यांचा, हे दंड भरताना कळलं. दर किती महिने आणि करार किती महिने, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारा.

मग तक्रारी. स्थानिक कंपनी म्हणाली, आम्ही बिलावर फक्त त्यांचा आकडा छापतो, तुम्ही त्यांच्याशी बोला. बिल भरू नका असं मात्र म्हणत नाहीत. थकवलं तर तोडायला तेच येणार! पुरवठादार म्हणाला, तुमचा होकार रेकॉर्डवर आहे. सरकारी कार्यालयात अर्ज केला. तिथून दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवलं, दुसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे. प्रत्येक वेळी नवा तक्रार क्रमांक, नवा माणूस, सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून. अकरा पानांची बिलं तीनदा पाठवली. पाच महिन्यांनी चार ओळींचं उत्तर आलं की कराराच्या अटींचं उल्लंघन आढळत नाही.

मी ते रेकॉर्डिंग मागवून घेतलं होतं. त्यात माझी बायको “साखर किती घालू त्यांना?” विचारताना स्पष्ट ऐकू येते. मी लिहून कळवलं की विक्रेता शेजारी बसून मला उत्तरं सुचवत होता आणि हा त्याचा पुरावा आहे, मराठी समजणाऱ्या कोणालातरी ऐकवा. एडिसनसारख्या गावात त्यांना मराठी कळणारा एक माणूस सापडला नाही? त्या मुद्द्यावर उत्तरात एक अक्षर नव्हतं. नियम काय कागदावर टिकमार्क करण्यापुरते आहेत?

आणि हे माझ्या एकट्याचं नाही. 2018 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या ॲटर्नी जनरल कार्यालयाने हिशेब केला, तेव्हा दोन वर्षांत अशा पुरवठादारांकडे गेलेल्या घरगुती ग्राहकांनी 17 कोटी डॉलरहून जास्त पैसे ज्यादा भरल्याचं निघालं. टेक्सासमध्ये फेब्रुवारी 2021 च्या गारठ्यात घाऊक वीज युनिटला 9 डॉलरपर्यंत गेली आणि ज्यांचा करार थेट त्या दराला बांधलेला होता त्यांना हजारो डॉलरची बिलं आली.

आता पुन्हा हे लोक दारोदार का फिरतात ते समजून घ्या. पीजेएमच्या क्षमता-लिलावात, म्हणजे गरज पडेल तेव्हा वीज द्यायला केंद्रं तयार ठेवण्याच्या मोबदल्याच्या लिलावात, भाव दिवसाला मेगावॉटमागे 28.92 डॉलरवरून 269.92 वर गेला आणि 1 जून 2025 पासून इथली घरगुती बिलं 17 ते 20 टक्क्यांनी वाढली. घाबरलेल्या माणसाला स्वस्त दर विकणं सोपं असतं. त्यांना विचारा, हा दर पूर्ण मुदतीसाठी ठरलेला आहे का, दंड किती, मुदत संपल्यावर काय लागणार? लेखी द्या म्हणा. आणि आकडा बिलावरच्या तुलनेच्या दराशी, म्हणजे स्थानिक कंपनीच्या पुरवठ्याच्या दराशी, स्वतः ताडून बघा, त्याच्या टॅब्लेटवर नाही.

त्या जोडप्याकडे मी त्याच संध्याकाळी गेलो. सही झालेली होती. मी सांगितलं, पत्र येईल, फेकू नका. पत्र काल आलं. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही तिघांनी स्पीकरवर फोन लावला, चाळीस मिनिटं धरून ठेवला आणि रद्द करून घेतलं. रद्द केल्याचा क्रमांक त्या मुलीने पत्रावरच लिहून फ्रिजवर चिकटवला आहे.