बडोद्यात गच्चीवर 3 किलोवॅट सोलर लावलं, दुकानाचा अनुभव आणि चायना मालाचा विषय

दांडिया बाजारातल्या आमच्या घरावर सोलर लावून सहा महिने झाले, नातेवाईकांत बरेच जण विचारतायत म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. 3 किलोवॅटची सिस्टीम, केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेतून, 78,000 सबसिडी खात्यात जमा झाली. रोजचे साधारण 12 युनिट पडतात, पावसाळ्यात बरेच कमी होतात ते धरूनच चाला.

दुकानाचं नाव लिहीत नाही कारण एक तक्रार आहे. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांना, आमच्या गच्चीवर अख्खं खानदान जमतं, पॅनलखालून माणूस ताठ चालत गेला पाहिजे, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तरी कोटेशनमध्ये साधं बुटकं स्ट्रक्चर धरलं आणि माल दारात आल्यावर उंच स्ट्रक्चरचे वेगळे पैसे मागितले. हे मला अजिबात पटलं नाही. बाकी काम पक्कं, अर्थिंग व्यवस्थित, वायरी पाइपातून, आणि इन्व्हर्टर खाली पार्किंगमध्ये न लावता जिन्यात वरच्या मजल्यावर लावला, ऑगस्ट 2024 ला विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी कुठे कुठे शिरलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

पण या दुकानाचं कौतुक करतो ते वेगळ्याच कारणासाठी. यात चायनाचं काय काय आहे असं विचारलं की आधीच्या दोन दुकानांत 'सगळं इंडियन' एवढंच ऐकायला मिळालं, या भाईंनी बसवून नीट समजावलं. सबसिडीला डीसीआर पॅनल लागतं, म्हणजे पॅनलच्या आतला, उन्हाची वीज करणारा सेलसुद्धा भारतातच बनलेला पाहिजे, नॉन-डीसीआर स्वस्त पडतं कारण पॅनल जोडलेलं इथलं पण सेल बहुतेक तिकडचा. आणि डीसीआर घेतलं तरी सेल ज्या पातळ चकतीवर बनतो ती वेफर अजून मुख्यतः चीनमधूनच येते. इन्व्हर्टर तर सरळ चायनीज. कोटेशन पंधराच दिवस का चालतं विचारलं तर म्हणाले, डिसेंबर 2024 मध्ये चीनने पॅनलच्या एक्स्पोर्टवरचा टॅक्स रिफंड 13 वरून 9 टक्क्यांवर आणला, तिकडे आकडा हलला की इथे रावपुऱ्यात भाव हलतो.

घरी येऊन मग वाचत बसलो. पॅनल बनवायच्या प्रत्येक टप्प्यात जगातला 80 टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या चीनचा आहे. 2020 साली शी जिनपिंग युनोत बोलले की 2060 च्या आत कार्बन न्यूट्रल होणार, 2030 पर्यंत सोलर आणि पवनऊर्जा मिळून 1200 गिगावॅटचं टार्गेट ठेवलं आणि ते 2024 मध्येच, सहा वर्षं आधी गाठलं. त्या एका वर्षात त्यांनी 270 गिगावॅटच्या वर सोलर लावलं, आपल्या देशाचं आजवरचं सगळं मिळून 100 गिगावॅट व्हायला जानेवारी 2025 उजाडलं. आज माझ्यासारख्या पगारदार माणसाला पॅनल परवडतंय ते बऱ्याच अंशी त्यांनी एवढे कारखाने उभे केले म्हणून, हे मान्य करायलाच पाहिजे. पण जगातला निम्म्याहून जास्त कोळसाही तेच जाळतात आणि नवीन कोळशाचे प्लांट अजून बांधतायत, 2021 ला परदेशात बांधणार नाही असं जाहीर केलं ते फक्त परदेशापुरतं. ज्या देशाच्या धुराचा त्रास आपल्या पावसापाण्याला होतो त्याच देशाकडून आपण उपाय विकत घेतोय, आणि उद्या सीमेवर काही झालं नि वेफर थांबली तर आपल्या गच्च्यांचं काय, ही काळजी मला खरंच वाटते. म्हणून दहा-बारा हजार जास्त गेले असते तरी मी डीसीआरच घेतलं असतं, इथे सेलचे कारखाने उभे राहायला हवेत आणि ते कोणीतरी विकत घेतल्याशिवाय राहणार नाहीत.

तुम्ही घ्याल तेव्हा पॅनलचे सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या, डीसीआरचं सर्टिफिकेट मागा, स्ट्रक्चरची उंची फुटांत कोटेशनवर लिहायला लावा. 5 पैकी 4 स्टार, एक स्ट्रक्चरचा कापला.